माणूस मनापासून काम केव्हा करतो?

आमच्या वस्तीतील विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका आहे. रविवारी सकाळची वंदना आटोपली की आम्ही तास-दोन तास तिथे बसतो. कुणाला हिशेबाची अडचण असते, कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, तर कुणी नुसतेच बोलायला येतात. मागे परीक्षेच्या दिवसांत व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम शिकणारी एक मुलगी आपले पुस्तक घेऊन आली. पुस्तकात एक त्रिकोण छापलेला होता. त्याचे पाच थर. तळाला भूक-तहान, त्यावर सुरक्षितता, त्यावर माणसांची सोबत आणि जिव्हाळा, त्यावर मानसन्मान आणि अगदी टोकाला अंगच्या गुणांचा पूर्ण विकास. माणूस एकेक पायरी चढत वर जातो, असे खाली लिहिले होते. मुलीने बोट ठेवून विचारले, "काका, यात माझी आई कुठं बसते?"

तिची आई एका खासगी कंपनीच्या इमारतीत साफसफाईचे काम करते. कंपनीत काम करते, पण कंपनीची नव्हे. ठेकेदाराची. पहाटे पाचला उठून डबे भरते, सहाला घर सोडते आणि साहेब लोक येण्याआधी चार मजल्यांच्या लाद्या पुसून मोकळी होते. तिथे तिला सगळे 'मावशी' म्हणतात. तिचे नाव काय, हे त्या चार मजल्यांवर कुणाला ठाऊक असेल असे वाटत नाही.

आम्ही पुस्तकी उत्तर दिले, की खालून दुसऱ्या थरात, सुरक्षिततेच्या आसपास. मुलीने वहीत लिहून घेतले, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. हा विषय आम्ही बी.कॉम.ला असताना पाठ केला होता आणि परीक्षा संपताच विसरून गेलो होतो. त्या रविवारनंतर आम्ही ती सगळी प्रकरणे पुन्हा काढून वाचली. वाचकहो, आपल्या घराघरांत कोणी ना कोणी कुणाच्या तरी हाताखाली राबतो. आणि 'याला कामाची गोडी नाही' असा शेरा त्याच्यावर मारणारा वर कोणीतरी बसलेला असतो. हे शास्त्र त्या शेरा मारणाऱ्यांसाठी लिहिले गेले. ते आपणही एकदा वाचून पाहायला काय हरकत आहे?

घड्याळ हातात घेऊन

या शास्त्राची सुरुवात अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरपासून धरतात. १८९९ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम स्टील कंपनीच्या आवारात कच्च्या लोखंडाच्या लगडी मालडब्यात चढवण्याचे काम चालू होते. एकेक लगड ९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ४२ किलोची. एक मजूर दिवसाला साडेबारा टन माल चढवीत असे. टेलरच्या माणसांनी एका मजुराला हाताशी धरले. केव्हा उचलायचे, केव्हा चालायचे, केव्हा बसायचे, सगळे घड्याळ लावून सांगितले आणि आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. त्याची रोजची मजुरी १ डॉलर १५ सेंट होती, ती १ डॉलर ८५ सेंट झाली. १९११ साली टेलरने पुस्तक लिहून ही गोष्ट जगाला सांगितली आणि कारखानदारांना ती फार आवडली. पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा टेलरने ती बरीच रंगवून सांगितल्याचे दिसले, पण तोवर ती जगभर पोचली होती.

आम्ही पडलो कारकून, त्यामुळे आधी आकडेमोड. काम झाले ३.८ पट आणि मजुरी झाली १.६ पट. पूर्वी एका टनामागे मजुराला सव्वानऊ सेंट पडत होते, आता चारही पडेनात. टेलरला हा आक्षेप माहीत होता. त्याचे एक उत्तर असे, की याहून जास्त पैसा हातात पडला की मजूर बिघडतो, नियमाने कामाला येत नाही, उधळपट्टी करू लागतो. हे बोलणे आपल्याला नवे नाही. गावच्या पाटलापासून आजच्या ठेकेदारापर्यंत अनेकांच्या तोंडून आपण ते ऐकले आहे.

लगडी उचलणाऱ्या माणसाची बुद्धी बैलासारखी असली तरच तो या कामाला योग्य, असेही टेलरने लिहून ठेवले आहे. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात तो सांगतो, की या मजुराने जमिनीचा लहानसा तुकडा विकत घेतला होता आणि कामावर जाण्याआधी सकाळी व कामावरून आल्यावर रात्री तो स्वतःच्या घराच्या भिंती उभारत होता. दिवसभर लोखंड वाहून जो माणूस रात्री आपले घर बांधतो, त्याला कामाची गोडी कशी लावावी हा प्रश्न कुणाला पडावा? घरासाठी त्याच्यावर कुणी घड्याळ धरून उभे नव्हते.

टेलरनंतर दुसरा मोठा प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा टेलिफोनच्या सामानाचा कारखाना. १९२४ साली तिथे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला, पण उजेडाचा आणि उत्पादनाचा धड मेळ बसेना. मग १९२७ साली पाच मुली निवडून त्यांना वेगळ्या खोलीत बसवले, सहावी त्यांना सुटे भाग पुरवीत असे. त्यांना मधली सुटी दिली, खायला दिले, लवकर घरी सोडले, आणि उत्पादन वाढले. नंतर या सवलती काढून घेतल्या, तरी उत्पादन पूर्वीपेक्षा वरच राहिले. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून असा अर्थ काढला, की कामगाराकडे कुणी लक्ष दिले, त्याला आपले मानले, की तो खुलतो. तेव्हापासून 'कर्मचाऱ्यांची आपुलकीने विचारपूस करा' हे साहेब लोकांच्या प्रशिक्षणात शिकवले जाऊ लागले.

हे खोटे नाही. पण दोन गोष्टी त्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. एक, त्या पाच मुलींपैकी दोघींना फार बोलतात, नीट सहकार्य करीत नाहीत म्हणून १९२८ च्या सुरुवातीला बाहेर काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. दोन, त्या खोलीत बसवल्यावर त्यांच्या मजुरीचा हिशेब बदलला होता. पूर्वी शंभरेक जणींच्या खात्यातून वाटणी होई, आता पाच जणींच्याच कामावर पैसे मिळू लागले. कष्टाचे फळ आपल्याच पदरात पडते हे कळले की हात भरभर चालतात, याला फार मोठे मानसशास्त्र लागत नाही.

त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांच्या एका खोलीचे निरीक्षण केले, तेव्हा तर उलटेच दिसले. दिवसाला किती काम करायचे याचा आकडा त्यांनी आपसात ठरवून ठेवला होता. त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर सोबती गुद्दा मारत. हे लोक आळशी नव्हते. आपण फार काम दाखवले तर उद्या दर कापतील किंवा माणसे कमी करतील, ही त्यांची धास्ती होती, आणि ते मंदीचे दिवस होते. आमच्या कार्यालयात कुणी दंडावर गुद्दा मारत नाही. पण जो कारकून आपल्या टेबलावरचा कागद वेळेत हातावेगळा करतो, त्याच्या टेबलावर महिनाअखेर दुसऱ्याच्या फायली येऊन पडतात. दोन वर्षांत तोही शहाणा होतो.

त्रिकोण आणि चवदार तळे

आता त्या मुलीच्या त्रिकोणाकडे येऊ. अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली एका लेखात माणसाच्या गरजांची ही उतरंड मांडली. मूळ लेखात त्रिकोण नाही. तो पुढे व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी काढला आणि सोपा असल्यामुळे सगळीकडे चालू झाला. मास्लोने स्वतः लिहिले होते, की ही उतरंड सर्वांना सारखी लागू पडत नाही, तिला अपवाद आहेत. पण त्रिकोणात अपवाद काढता येत नाहीत. त्यामुळे कंपनीच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात एवढेच बसते, की खालच्या माणसाला पोटाची चिंता, सन्मानबिन्मान वरच्यांसाठी.

याला आपल्या इतिहासाचे उत्तर आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जी माणसे गेली, त्यांची पोटे भरलेली होती काय? भाकरी फडक्यात बांधून पायी आलेली माणसे होती ती. त्रिकोणाच्या हिशेबाने त्यांनी आधी धान्य मागायला हवे होते. त्यांनी सार्वजनिक पाण्यावरचा आपला माणूस म्हणून हक्क बजावला आणि त्यासाठी मार खाल्ला. पुढे आपल्या माणसांनी गावोगाव मेलेली ढोरे ओढणे सोडले. त्या कामातून जे काही मिळत होते त्यावर पाणी सोडले, गावाचा बहिष्कार सोसला, उपासमार सोसली. सन्मान हा पोट भरल्यानंतरचा थर असता, तर हे घडलेच नसते.

कामाच्या गोडीबद्दल तर बाबासाहेबांनी मास्लोच्या सात वर्षे आधी लिहून ठेवले आहे. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ सालचे भाषण जातपात तोडक मंडळाने होऊ दिले नाही आणि बाबासाहेबांनी ते छापून प्रसिद्ध केले, हे आपल्याला माहीत आहे. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातील मुद्दा आपण नेहमी सांगतो. पण त्याला लागूनच आणखी एक मुद्दा आहे, त्याच्याकडे आपले कमी लक्ष जाते. ज्या कामात माणसाचे मन नाही, जे त्याने निवडलेले नाही, जे हलके म्हणून त्याच्यावर लादले आहे, त्या कामाचा माणसाला तिटकाराच येणार आणि ते टाळण्याकडेच त्याचा कल राहणार. ज्यांचे मन आणि बुद्धी कामात नाही, त्यांच्याकडून कार्यक्षमता कशी मिळणार, असा बाबासाहेबांचा प्रश्न होता. अर्थशास्त्राच्या पंडिताने अर्थव्यवस्थेच्या हिताच्या बाजूने विचारलेला हा प्रश्न आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकात टेलर, मेयो, मास्लो आहेत, या प्रश्नाला मात्र जागा नाही.

आमचे आजोबा मुंबईत गिरणीमध्ये त्रासन खात्यात होते. विणाई खात्यात पगार चांगला मिळे, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी भरून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जाई, म्हणून इतर कामगारांना विटाळ! मालकाला कापडाशी मतलब होता, आडवे आले ते शेजारचे कामगार. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. आजोबा सांगत, की विणाई खात्याच्या दारातून जाताना ते साच्यांकडे पाहत आणि मनात म्हणत, हे काम आपल्याला दोन दिवसांत येईल. आयुष्यात त्यांनी एकदाही साचा चालवला नाही. त्यांच्या जॉबरला कुणी विचारले असते, तर तो नक्की म्हणाला असता, 'या माणसाला वर चढायची हौसच नाही.'

'पुढाकार घेत नाही'

हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. आम्हाला स्वतःला हा शेरा मिळालेला आहे.

आम्ही २००१ साली कारकून म्हणून नोकरीला लागलो. बी.कॉम. असल्यामुळे लेखा शाखेत बसवतील असे वाटले होते. बसवले बारनिशीत. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा, शाखांना वाटायचे. काम हलके नाही, पण त्यात आम्ही शिकलेल्यातले काही लागत नव्हते. दोनदा लेखा शाखेतील टेबल रिकामे झाले, दोन्ही वेळा कला शाखेचे पदवीधर तिथे गेले. आम्ही अर्ज दिला, तो आमच्याच बारनिशीत आम्हीच नोंदवला, आणि पुढे त्याचे काय झाले ते कळले नाही. 'कोट्यातल्या माणसाच्या हातात कॅशबुक नको' हे वाक्य आम्हाला तोंडावर कुणी ऐकवले नाही. चहाच्या वेळी भिंतीआडून ऐकू आले.

मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात निकाल दिला, की गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती बरी असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्याआधी फक्त प्रतिकूल शेरे कळवण्याचा रिवाज होता. 'सर्वसाधारण' असा शेरा प्रतिकूल नाही म्हणून कळवत नसत, आणि त्याच शेऱ्यावर बढती अडत असे. निकालाचे कात्रण जोडून आम्ही आमचे अहवाल मागितले. सहा वर्षांचे अहवाल हातात आले. 'काम सर्वसाधारण. पुढाकार घेत नाही.' साहेब बदलले होते, अक्षर बदलले होते, वाक्य तेच. शिक्का मारण्यात माणूस कोणता पुढाकार घेणार होता?

घरी येऊन कागद पत्नीसमोर ठेवले. ती म्हणाली, "तुम्ही घरी आल्यावरसुद्धा आता पुढाकार घेत नाही. जेवता आणि झोपता." हे मात्र खरे होते. कामावर मन मारून बसलेला माणूस घरी येताना ते मन तसेच घेऊन येतो, आणि त्याची किंमत बायका-मुले मोजतात. वस्तीत मुलांच्या शिकवणीचे काम आम्ही त्याच वर्षी सुरू केले. त्यात कुणी पुढाकार घ्यायला सांगितले नव्हते.

२०१० साली नवीन अधिकारी आले. त्यांनी सगळ्यांच्या सेवापुस्तिका मागवून वाचल्या आणि एक दिवस आम्हाला बोलावून विचारले, "तुम्ही बी.कॉम. आहात, मग बारनिशीत काय करता?" दुसऱ्या आठवड्यात आम्ही लेखा शाखेत. पहिल्याच महिन्यात कॅशबुक आणि बँकेचा हिशेब जुळेना, ११० रुपयांचा फरक येत होता. आम्ही तीन दिवस रात्री आठपर्यंत बसून तो शोधला. पगार तोच, वेतनश्रेणी तीच. पत्नीने विचारले, "ओव्हरटाइम मिळतो का?" आम्ही नाही म्हणालो, तर ती हसली.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हेच सांगितले. पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना त्याने विचारले, की कामावर तुम्हाला फार चांगले केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा वाटले? वाईट वाटल्याच्या गोष्टी निघाल्या कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा आणि पगार. चांगल्या वाटल्याच्या निघाल्या काही करून दाखवल्याचा आनंद, दाद, जबाबदारी, बढती आणि प्रत्यक्ष काम. पगार तसा दोन्ही बाजूंना आढळला होता, पण त्याने तो पहिल्या गटात टाकला. या पहिल्या गटाला त्याने 'हायजिन' म्हणजे स्वच्छतेचे घटक असे नाव दिले. गटार साफ नसेल तर रोगराई होते, पण गटार साफ आहे म्हणून कुणी आनंदाने नाचत नाही, तसे. आमच्या अनुभवाशी हे जुळते, नाही म्हणवत नाही. पण हर्झबर्गच्या त्या दोनशे जणांत झाडूवाला नव्हता. ज्यांचे गटार आधीच कुणीतरी साफ करून ठेवले होते, त्यांना त्याने विचारले. शिवाय 'पगाराने माणूस उत्साही होत नाही' हे अर्धे वाक्य कारखानदारांनी उचलले, आणि पगार कमी पडला तर माणूस आतून कुजतो हे उरलेले अर्धे सोडून दिले.

डग्लस मॅकग्रेगरने १९६० साली साहेबांचेच दोन प्रकार केले. माणूस मुळात कामचुकार आहे असे मानणारा एक आणि संधी दिली तर तो जबाबदारी घेतो असे मानणारा दुसरा. आमच्या वाट्याला दोन्ही आले, त्यावर अधिक लिहीत नाही.

व्हिक्टर व्रूमचे १९६४ चे गणित मात्र आपल्या नोकरदार तरुणांनी समजून घ्यावे. माणूस मनात तीन गोष्टी जोखतो. कष्ट केले तर काम जमेल काय? जमले तर फळ मिळेल काय? आणि ते फळ मला हवे आहे काय? या तिन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक जरी शून्य झाले तरी सगळे शून्य. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला आणि मे २०२१ मध्ये पदोन्नतीच्या सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचा आदेश राज्य शासनाने काढला, तेव्हा आमच्या ओळखीच्या किती तरी जणांनी विभागीय परीक्षेची पुस्तके बांधून माळ्यावर टाकली. त्यांना आळशी म्हणण्यापूर्वी मधला आकडा कुणी शून्य केला ते पाहावे लागेल.

कपाटाची किल्ली

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलीच्या आईला भेटायला गेलो. ताई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. कंपनीत दर महिन्याला 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून एकाचा फोटो काचेच्या चौकटीत लावतात. ती काच रोज ताई पुसतात. ठेकेदाराच्या माणसांचा फोटो तिथे लागत नाही, तसा नियम आहे. आम्हाला वाटले त्यांना याचे वाईट वाटत असेल. त्या म्हणाल्या, "फोटो घेऊन काय करू भाऊ? मला वेगळीच अडचण आहे."

ठेकेदाराने त्यांना सहा बायकांवर 'टीम लीडर' नेमायचे ठरवले होते. पगार वाढणार नव्हता. नुसते नाव. आम्ही लगेच सल्ला दिला, की ताई, आधी पगाराचे बोला, नाही तर नको म्हणा. टेलरच्या साडेसत्तेचाळीस टनांचा हिशेब डोक्यात ताजा होता. ताई म्हणाल्या, "पगार तर मी मागनारच हाय. पन त्याच्या आधी मी किल्ली मागितली."

किल्ली म्हणजे सामानाच्या कपाटाची. ती सुपरवायझरकडे असते. तो दहा वाजता येतो. सकाळी सहाला बायका येतात तेव्हा काल उरलेले फिनेल बाटलीच्या तळाशी असते, त्यात पाणी घालून पुसायचे. नवा पोछा महिन्याला एक. मग नऊ वाजता वास येतो म्हणून साहेब ओरडतात, सुपरवायझर बायकांवर ओरडतो, आणि कामात लक्ष नाही म्हणून पगार कापण्याची धमकी देतो. "माझ्या हातानं पुसल्याली लादी मला वळखू येते, भाऊ. घरातली येते तशी. पन त्या पान्यानं पुसली की माझी मलाच लाज वाटते."

आम्हाला १९५३ सालच्या अहमदाबादच्या कॅलिको मिलची आठवण झाली. तिथे नवीन स्वयंचलित माग आणले होते, तरी उत्पादन वाढत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी पाहिले, की कामाचे बारीक तुकडे करून एकेक तुकडा एकेकाला वाटला आहे. कुणी फक्त तुटलेला धागा जोडतो, कुणी फक्त कांड्या भरतो, आणि पूर्ण मागाची जबाबदारी कुणाचीच नाही. मग छोटे गट करून मागांचा एकेक ताफा एका गटाच्या हवाली करायचे ठरले. कल्पना पुढे येताच कामगारांनी आपापले गट स्वतःच ठरवून टाकले. सुरुवातीला थोडी ओढाताण झाली, मग उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. ताईंनी हे पुस्तक वाचलेले नाही, त्यांनी नुसती किल्ली मागितली.

आम्ही पुस्तकातल्या पाची थरांत त्यांना बसवू पाहत होतो, आणि बाई तळाच्या भाकरीचे आणि टोकाच्या कसबाचे एकाच श्वासात बोलत होत्या. ही चूक आम्ही त्या मुलीपाशी कबूल केली. तिने विचारले, "मग पेपरात काय लिहू?" आम्ही म्हणालो, पेपरात त्रिकोणच काढ, मार्क त्यालाच आहेत. खाली जागा उरली तर महाड लिही. तिने लिहिले की नाही, ते निकाल लागल्यावरही सांगितले नाही.

मागण्यांचा अर्ज आम्हीच लिहून दिला. सहाही बायकांच्या सह्या, त्यांतल्या दोघींचे अंगठे. पहिली मागणी मजुरीवाढीची, दुसरी किल्लीची, तिसरी डबा खायला जागेची. कारण या बायका जिन्याखाली, कचऱ्याच्या डब्यांशेजारी बसून जेवत होत्या. विश्रांतीची जागा, पिण्याचे पाणी आणि शौचालय या गोष्टी कंत्राटी कामगारांना द्याव्यात असे १९७० च्या कायद्यातच लिहिले होते, तेही अर्जात घातले. ताईंनी अर्ज दोनदा वाचून घेतला आणि 'नम्र विनंती' हे शब्द काढायला लावले.

तीन आठवडे काही झाले नाही. मग जेवायला तळमजल्यावरची एक बिनखिडकीची खोली मिळाली, तिच्यात पंखा आहे. पगाराचे 'पुढच्या महिन्यात बघू' असे उत्तर आले, ते अजून बघणेच चालू आहे, आणि दुसरा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. किल्ली मात्र ताईंकडे आली. गेल्या रविवारी वंदनेला आल्या तेव्हा गळ्यातल्या दोरीला ती अडकवलेली होती. सुटीच्या दिवशी कशाला घेऊन आलात, असे आम्ही विचारले. म्हणाल्या, "घरात पोरं कुठंतरी टाकून देतील."